जाळलेल्या गॅसवर कर नाही

अण्णा, तुमची मंद्रूपची विद्यार्थिनी परवा आपल्याकडे राहून गेली. टॉवेल कारखानदारांच्या संघटनेनं तिला नैसर्गिक वायूवरच्या करांबद्दल बोलायला दिल्लीहून बोलावलं होतं. त्यांनी तिच्यासाठी चांगल्या हॉटेलात एसीची खोली धरली होती. तिनं फोनवरच सांगून टाकलं, ‘खोली कशाला? सोलापुरात माझ्या सरांचं घर हाय की.’ हे मला संघटनेच्या सेक्रेटरींकडून कळलं. म्हणजे माझ्या घरात पाहुणी येणार, ही बातमी मला तिसऱ्या माणसाकडून. आईला सांगितलं तर ती उठून कपाटातली नवी चादर काढायला लागली. गुडघ्यांमुळे देवापुढं दिवा लावायलाही तिला खुर्ची लागते, पण त्या चादरीला मला हात लावू दिला नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्या त्या विद्यार्थिनीच्या येण्यानं या घरात जी लगबग उडते, ती अजून तशीच आहे.

मला तिचा हेवा वाटायचा, हे तुम्हाला माहीत होतं की नाही, कोण जाणे. बहुतेक नसावं. सरकारनं लावलेला कर फिरत फिरत शेवटी कुणाच्या डोक्यावर बसतो, हे शोधण्यात तुमची नोकरीची सगळी वर्षं गेली. घरात मात्र समोर ताट घेऊन बसलेल्या मुलीच्या मनात काय चाललंय, याचा तुम्हाला पत्ता नसायचा. मी बोलले नाही, हेही खरं. वडिलांना काय सांगायचं, की तुम्ही त्या मुलीकडे बघता तसं माझ्याकडे बघा?

एम.ए.ला आम्ही दोघी तुमच्याच वर्गात होतो. घरी अण्णा आणि वर्गात सर, ही कसरत मला पहिल्या दिवशीच जमली होती. मी पुढच्या बाकावर बसायचे. ती मंद्रूपच्या एसटीनं यायची, त्यामुळे तुमच्या तासाला नेहमी उशिरा, मागच्या दारानं. त्या दिवशी तुम्ही वर्गाला विचारलंत, जमिनीतून निघणाऱ्या वायूवर सरकारनं कर लावला तर काय होईल? मी हात वर केला आणि सांगितलं, किंमत वाढेल, मागणी घटेल, उत्पादन घटेल. तुम्ही म्हणालात, ‘हे पुस्तक बोललं. पुस्तकाला खाली बसव, आणि तू काय म्हणतेस ते सांग.’ वर्ग हसला. मी खाली बसले. मग मागून तिचा आवाज आला, ‘सर, पण कर कशावर? निघालेल्यावर का इकलेल्यावर?’ वर्ग पुन्हा हसला, त्या ‘इकलेल्या’ला. तुम्ही हसला नाहीत. हातातला खडू खाली ठेवलात. ती म्हणत होती, ‘न्हाय म्हणजे, आमच्या बाजारात इकलेल्या मालावर पट्टी घेत्यात. उरलेली मेथी घरी न्यायला भाडं पडतंय, मग लोक तितंच टाकून जात्यात. गॅसचं तसं हुतं का?’ तुम्ही टेबलाला वळसा घालून तिच्या बाकापर्यंत चालत गेलात. एवढंच. शाबास म्हणाला नाहीत, काही नाही, नुसते चालत गेलात. माझ्या बाकापर्यंत तुम्ही कधी चालत आलात, ते मला आठवत नाही. मी पुढंच बसायचे, यायची गरज नव्हती, असं मी स्वतःला सांगायचे.

मग ती घरी यायला लागली. आई शाळेतून संध्याकाळी यायची, त्यामुळे दुपारी स्वयंपाकघर तुमचं. ती येताना कडक भाकरी आणि शेंगाची चटणी फडक्यात बांधून आणायची आणि तुम्ही, ज्यांना घरी भाकरी जरा वाळली तरी चालायची नाही, ती भाकरी मोडून चहात बुडवून खायचात. मी पलीकडच्या खोलीत कॉटवर पुस्तक उघडून बसलेली असे. भिंतीला कान लावायची गरज नव्हती, तुम्ही दोघंही मोठ्यानं बोलायचात. तुम्ही शेगडीची ज्योत लहानमोठी करून तिला विहिरी समजावत होतात. वायूची विहीर नवी असते तेव्हा जोरात वाहते, जुनी झाली की अशी मंदावते. आता प्रत्येक घनमीटरमागं सरकारनं ठराविक स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, मागितलं, तर जोरदार विहिरीला ते जाणवतही नाही, पण मंदावलेली विहीर चालवणं परवडत नाही. मालक ती वेळेआधी बंद करतो. तोच कर नफ्यावर घेतला, तर मंद विहीरही शेवटपर्यंत चालते. ‘मग उरलेला गॅस?’ तिनं विचारलं. ‘जमिनीतच.’ ‘सरकारला बी न्हाय, मालकाला बी न्हाय?’ ‘कुणालाच नाही.’ ‘लई वाईट की, सर.’ आणि तुम्ही हसलात. ते हसणं मी वेगळं ओळखायचे, घशातून सुरू होऊन खांद्यापर्यंत जाणारं. त्याच बोलण्याच्या नादात दूध उतू गेलं. मी उठून आत आले, गॅस बंद केला, ओटा पुसला. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, ‘अगं, तू घरीच होतीस?’

हे वाक्य मी कुणालाही सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही नाहीच. पण आजही ओट्यावर दूध सांडलं की मला ते ऐकू येतं.

तिला दिल्लीला संशोधनासाठी जागा मिळाली, ती बातमी घेऊन ती आधी आपल्याकडे आली, मग मंद्रूपला गेली. तुम्ही आत जाऊन तुमचा राखाडी स्वेटर घेऊन आलात, आईनं लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात विणलेला. मी आईकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी आई काही बोलेल. आई म्हणाली, ‘द्या की. तिकडं थंडीत पोरीचं काय होणार.’ तुमच्या विद्यार्थिनीनं तो तिथंच अंगात घातला, सोलापूरच्या उन्हाळ्यात, आणि तुम्ही दोघं लहान मुलांसारखे हसलात. पुढं मी कर सल्लागाराची परीक्षा पास झाले, तेव्हा तुम्ही मला कॅल्क्युलेटर दिलात. चांगला होता. बाजारातला सगळ्यात चांगला. खूप वर्षं चालला. पण त्याला तुमच्या अंगाचा वास नव्हता, अण्णा.

तुमच्या शेवटच्या आठवड्यात मी दवाखान्यात होते. पेजेचा चमचा तुमच्या ओठांशी नेत होते आणि तुम्ही डोळे उघडून विचारलंत, ‘तिचा फोन आला का?’ मी म्हटलं, येईल. मी तो चमचा परत भरला. चमचा कोण धरतंय, हे तुम्हाला दिसत होतं ना? मला नेहमी वाटतं, दिसत होतं. दिसत होतं म्हणूनच तुम्ही मला विचारलंत, ज्याच्याकडे नक्की उत्तर असणार त्याला विचारावं तसं. हा अर्थ मी स्वतःच लावलेला आहे.

आता आत्ताचं सांगते. अक्कलकोट रोडच्या वसाहतीतल्या काही कारखान्यांपर्यंत नळानं गॅस आलाय. माझे निम्मे अशील टॉवेलवाले. त्यातले एक मालक, वडिलांच्या हातमागापासून वर आलेले, घरात तेलुगू आणि धंद्यात आपली मराठी बोलणारे, त्यांनी डाईंगचा, म्हणजे कापड रंगवायचा, बॉयलर कोळशावरून गॅसवर घेतला. धूर गेला, राख गेली, पण हिशोब जमेना. मी त्यांना कारण समजावलं होतं. कोळसा जीएसटीत आहे, त्यामुळे कोळशावर भरलेला कर टॉवेलच्या करातून वजा होतो. गॅस अजून जीएसटीच्या बाहेर आहे, त्याच्यावर राज्याचा वेगळा कर, आणि त्याची वजावट नाही. राज्यानं मध्यंतरी तो बराच उतरवला. पण उतरवणं वेगळं आणि परत मिळणं वेगळं. माल परदेशी गेला तर बाकीचा कर परत मागता येतो, गॅसवरचा टॉवेलातच मुरून राहतो. म्हणजे स्वच्छ जळण वापरणाऱ्यालाच भुर्दंड. हे मी त्यांच्या ऑफिसात बसून, कागदावर काढून दाखवलं होतं. ते म्हणाले होते, ‘बघू मॅडम.’ आणि चहा मागवला होता.

परवाच्या कार्यक्रमात ते पहिल्या रांगेत माझ्या शेजारीच बसले होते. ती उभी राहिली. केस पूर्ण पांढरे झालेत तिचे, रंगवत नाही. तिनं कागद काढला नाही. म्हणाली, ‘तुमचं कापड कोळशाच्या वाफेवर रंगलं तर कोळशावरचा कर तुम्हाला परत मिळतो. गॅसवर रंगलं तर न्हाय मिळत.’ मालकांनी मान डोलावली. प्रवचनात डोलावतात तशी. मी त्यांच्याकडे बघत होते आणि ते माझ्याकडे बघत नव्हते. मग ती गॅस घेऊन उलटी मागं निघाली, बॉयलरपासून नळाकडे, नळापासून विहिरीकडे. विहीर खणणाऱ्याला यंत्रांवर, पाइपांवर, खणाईच्या कामावर जीएसटी भरावा लागतो, पण त्याचा गॅस जीएसटीत नाही म्हणून त्यालाही तो परत मिळत नाही. तो काय करणार? किमतीत घालणार. त्यावर स्वामित्वधन, त्यावर राज्याचा कर. आणि जिथं किंमत सरकारनं बांधलीय, तिथं तो किमतीत घालू शकत नाही, मग तो नवी विहीरच खणत नाही. ‘ज्या विहिरी खणल्याच न्हाईत, त्यांच्यावरचा कर कुणी भरला?’ तिनं विचारलं. राज्यं गॅस सोडायला का तयार नाहीत, तेही तिनं शिव्या न घालता सांगितलं: स्वतःच्या हातानं दर ठरवता येतील अशा गोष्टी राज्यांकडे उरल्यात किती? मला माहीत नव्हतं असं त्यात फार थोडं होतं. पण मी ते कधी एका ओळीत उभं केलं नव्हतं. ती तुमच्यासारखी बोलत होती, अण्णा. खडू खाली ठेवायची तुमची पद्धत, तीसुद्धा. हातात खडू नव्हता, तरी तिनं ठेवला.

मालक उठले. ‘मॅडम, ते दिल्लीचं समजलं. माझं सांगा. बॉयलर गॅसवर ठेवू का पुन्हा कोळशावर नेऊ? नाहीतर मी डाईंग बंद करतो आणि कापड बाहेर रंगवायला धाडतो. माणसं हायेत माझ्याकडं कामाला, त्यांना काय सांगू?’ ही माणसं बापाच्या वेळेपासून त्यांच्याकडे आहेत, मला माहीत आहे, त्यांचे भविष्यनिर्वाह निधीचे कागद मीच भरते. ती म्हणाली, ‘मी कराचं सांगू शकते. बॉयलरचं मला ठाव न्हाय. ते ह्यांना इचारा,’ आणि माझ्याकडे बोट केलं. सगळ्या माना वळल्या. मला तिचा राग आला. तिनं मला कमी लेखलं असतं तर बरं झालं असतं, मला रागावायला कारण मिळालं असतं. मी उभी राहिले आणि सांगितलं: कोळसा साठवायची जागा, राख उचलायचं भाडं, धुराच्या नोटिसा, हे सगळं धरा, मग दोन्हींतला फरक तुम्हाला वाटतो तेवढा राहत नाही. वर्षभर गॅसवरच काढा. डाईंग एकदा बंद केलं तर ते हात पुन्हा मिळणार नाहीत. मालक ऐकत राहिले. मग म्हणाले, ‘हे आधी का नाही सांगितलंत?’ मी खाली बसले.

आभार मानायच्या आधी तिनं पुन्हा माइक मागितला. म्हणाली, सरांचं एक सांगायचं राहिलं. तुम्ही तरुणपणी गुजरातेत अंकलेश्वरच्या कॉलेजात शिकवत होतात, हे मला माहीत होतं. त्यापुढचं मला माहीत नव्हतं. संध्याकाळी तुम्ही तुमच्या लहान मुलीला घेऊन शेताच्या कडेनं फिरायला जायचात. पलीकडे तेलविहिरींवर गॅसची ज्योत जळत असायची, नुसतीच, आकाशात. मुलगी रोज विचारायची, ‘अण्णा, त्या आगीवर कुणी भात का शिजवत नाही?’ तुम्हाला उत्तर देता येईना. मग तुम्ही शोधायला लागलात. विकलेल्या गॅसवर कर होता, जाळलेल्यावर नव्हता. गोळा करून नळानं न्यायला खर्च, विकायला बांधलेली किंमत, वर कर. जाळायला काहीच नाही. ‘माझा सगळा प्रबंध ह्या एका प्रश्नावर उभा हाय,’ ती म्हणाली. ‘आणि तो माझा न्हवता. ती मुलगी हितं पहिल्या रांगेत बसलीया.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. मालकांनी माझ्याकडे वळून हात जोडले.

मला काही आठवत नाही, अण्णा. ज्योत नाही, शेत नाही, प्रश्न नाही. मला वाटलं होतं, असं काही ऐकलं तर आनंद होईल. पण मला झाला तो जळफळाट. माझा प्रश्न होता आणि तुम्ही तो उचलून तिला दिलात. स्वेटर दिलात ते एक वेळ मी समजू शकते.

संध्याकाळी तिघी जेवायला बसलो तेव्हा मी आईला विचारलं. आई भातावर आमटी घेत म्हणाली, ‘रोज विचारायचीस. एकदा तर फ्रॉकच्या ओच्यात तांदूळ घेऊन निघालीस, म्हणालीस मी शिजवून येते.’ मी म्हटलं, मग मला हे कुणी कधी सांगितलं का नाही? ‘तुझंच तर होतं ते,’ आई म्हणाली, ‘तुला माहीत असेल असंच वाटलं आम्हाला.’ आई झोपायला गेली. मी भांडी विसळत होते आणि पाहुणी ती पुसत होती, न सांगता, कुठलं फडकं कुठं असतं ते तिला माहीत आहे. मी तिच्याकडे न बघता विचारलं, ‘अण्णांनी तो विषय मला का नाही दिला?’ हातातलं ताट पुसून ठेवत ती म्हणाली, ‘मी बी इचारलं हुतं त्यांना. म्हणलं, सर, घरात पोरगी हाय की, पहिली येती. तर म्हणाले, तिला दिला तर ती माझ्यासाठी करंल. तू गॅससाठी करशील.’

मी नळ बंद केला नाही. पाणी वाहत होतं ते बरं होतं. हे खरं आहे, अण्णा. मी तुमच्यासाठीच केलं असतं, एकेक पान तुम्हाला आवडेल का, एवढंच बघत लिहिलं असतं. म्हणजे तुम्हाला दिसत होतं. दुधाच्या दिवशी नसेल, पण एरवी दिसत होतं. आणि ते तुम्ही मला सांगायच्या ऐवजी तिला सांगितलंत, म्हणून मला त्याचाही हेवा वाटला. आणखी एक तिच्याकडे, जे माझ्याकडे नाही.

तिनं मग कामाचं काढलं. कारखानदारांच्या वतीनं सरकारकडे निवेदन द्यायचं आहे, गॅस जीएसटीत आणा किंवा निदान वजावटीची काही वाट काढा म्हणून. विहिरीपासून नळापर्यंतचं ती लिहील, नळापासून टॉवेलापर्यंतचं मी लिहावं. ‘तुझ्याबिगर हे व्हायचं न्हाय,’ ती म्हणाली. मी म्हटलं, विचार करते. सकाळी चहाच्या वेळी हो म्हटलं. मालकांचा फोनही आला, डाईंग तूर्त चालू ठेवतोय म्हणाले, गॅसवरच. हे तुम्हाला कळावं असं वाटलं, म्हणूनही लिहायला बसले असेन. पत्र लिहून झालं की ते कुठं पाठवतात, असल्या विचारात मी पडणार नाही. ते माझ्या टेबलाच्या कप्प्यात राहील.

ती मंद्रूपला भावाकडे जाऊन मग परत जाणार होती. रिक्षा दारात उभी होती. चपला घालता घालता तिनं विचारलं, ‘सरांचा एखादा फोटो हाय का गं? माझ्या तिकडच्या खोलीत लावायला. माझ्याकडं एक बी न्हाय.’ मी म्हटलं, धड असा एकही नाही, अण्णांना फोटो काढून घ्यायला आवडायचं नाही, तुला माहीतच आहे. ती ‘व्हय, ते बी खरं’ म्हणाली आणि रिक्षात बसली.

आहे, अण्णा. एक आहे. आईच्या कपाटात, साड्यांच्या खाली. तुम्ही कॉलेजच्या पायऱ्यांवर उभे आहात आणि फोटोच्या चौकटीबाहेर कुणाकडे तरी बघून हसताय, अगदी खांद्यापर्यंत. समोर कोण आहे ते फोटोत आलेलं नाही. तिला दिला असता तर तिला ते बहुतेक सांगता आलं असतं.